तीन तोंडं, चार आभार

१

रविवारी दुपारी तीन वाजले की ताईच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवणाचं राहायचं नाही. भांडी उचलली जायची, फडकं फिरायचं आणि तिथे कधी डोंगर उभा राहायचा, कधी किल्ला, कधी दलदल. उभा राहायचा तो ताईच्या तोंडून. टेबलावर नुसते कागद, पेन्सिली, बिस्किटांचा डबा आणि वीस बाजूंचा एक निळा फासा.

खेळ साधा होता. ताई गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीत एकेक पात्र होऊन शिरायचे. काही अवघड करायचं असलं की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर हुकलं. वीस पडला तर डंका. आणि एक पडला तर माती. माती म्हणजे नुसतं हुकणं नव्हे, चांगली मूठभर खाल्लेली माती. तलवार स्वतःच्याच पायावर, बाण मित्राच्या पाठीत.

त्यावर ताईने स्वतःच्या डोक्याने एक रीत घातली होती. ज्याला एक पडेल त्याने आपली माती आपल्याच तोंडाने सांगायची, आणि सांगून झालं की बाकीच्यांनी एकेक करून म्हणायचं, "आभारी आहे."

"यश आलं की माणूस पुढे जातो," ताई म्हणायची. "माती खाल्ली की गोष्ट पुढे जाते. मग ज्यानं गोष्ट पुढे नेली त्याचे आभार नको मानायला?"

खेळणारे तिघं. तळमजल्यावर औषधांचं दुकान असलेले काका, समोरच्या दारात राहणारे गणिताचे सर आणि ताईची धाकटी बहीण. धाकटी लिफ्ट दुरुस्तीचं काम करायची. कामावर तिला मिस्त्रीबाई म्हणत, घरात मात्र एकतिसाव्या वर्षीही ती धाकटीच. भावजींची रविवारी हॉस्पिटलात ड्यूटी असायची. आणि आतल्या खोलीत, अर्ध्या लोटलेल्या दारामागे, आठ महिन्यांची ठकी झोपलेली असायची. त्यामुळे सगळा धुमाकूळ दबक्या आवाजात चाले. दलदलीतले राक्षससुद्धा हळूच ओरडत.

त्या रविवारी धाकटीला एक पडला. तिचं पात्र होतं एक कुलूपतोडी बाई, बोटांनी हुशार आणि नशिबाने फाटकी. धाकटीने सांगितलं, "भिंतीवर चढताना मी दोराची गाठ मारते, पण आवळायची विसरते. अर्ध्यावरून खाली येते. पाय गेला."

"आभारी आहे," ताई म्हणाली.

"आभारी आहे," काका म्हणाले, बिस्किटासकट.

"आभारी आहे," सर म्हणाले, चष्मा पुसत.

"आभारी आहे," आणखी कुणीतरी म्हणालं.

म्हाताऱ्या पुरुषाचा घोगरा आवाज होता. शब्दांच्या आधी एक छोटा खोकला, नंतर एक. धाकटीने मान वर केली. ताई पुढचं पान शोधत होती आणि सरांनी फासा उचललाही होता.

२

मंगळवारी धाकटी डोळ्यांच्या दवाखान्याच्या इमारतीत गेली. महिन्याची नेहमीची तपासणी होती. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये बॅटरी लावून ती ब्रेकपाशी बसली.

ब्रेकचा मोठा नट नुसता हाताने फिरवून ठेवलेला होता. पाना लावलेलाच नव्हता. आणि ठेवणारी तीच. आठवलंसुद्धा लगेच. मागच्या महिन्यात नट बसवताना फोन वाजला होता, बोलत बोलत ती खिडकीपाशी गेली होती आणि परत येऊन तिने हत्यारं भरली होती. चार आठवडे तो नट दोन आट्यांवर लटकला होता. रोज तीन-चारशे माणसं वरखाली करणारी लिफ्ट, तीही अर्धी दिसत नसलेली माणसं. नट पहिल्या दोन दिवसांत गळायला हवा होता.

तिने तो आवळला. मग पुन्हा आवळला. मग बाकीचे सगळे नटही एकेक करून तपासले.

खाली उतरल्यावर एका डोळ्यावर पट्टी असलेले आजोबा चाचपडत लिफ्टकडे येत होते. तिने त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं.

आजोबा आधी खोकले. "आभारी आहे," म्हणाले. पुन्हा खोकले.

धाकटीचा हात दारावरच राहिला. लिफ्ट वर गेली तरी ती तिथेच उभी होती. मग तिने स्वतःची समजूत घातली. म्हाताऱ्या माणसांना खोकला असतोच आणि सभ्य म्हाताऱ्या माणसांना आभार मानायची सवय असते. यात घाबरण्यासारखं ते काय? ती दिवसभर हे स्वतःला सांगत राहिली. एखादी गोष्ट दिवसभर सांगावी लागते तेव्हा ती पटलेली नसते, हे तिलाही कळत होतं.

३

पुढच्या रविवारी तिला पुन्हा एक पडला. पेटीचं झाकण कुलूपतोडीच्या हातावर पडलं आणि दोन बोटं गेली. काका हळहळले, कारण त्यांचा त्या बाईवर जीव होता. "अहो, आता उरलं काय तिच्यात!" म्हणाले आणि आभार मानले. सरांनी मानले. ताईने मानले.

चौथे आभार बाईच्या आवाजात आले. आवाज असा, की ओठांत काहीतरी धरून बोलते आहे. या वेळी धाकटी तयारीत होती. तिने तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. तीनही बंद होती.

गुरुवारी ती एका शिवणकारखान्यात मालाची लिफ्ट बघायला गेली. वजनाची मर्यादा दुप्पट बसवलेली निघाली. कागदावर सही तिचीच होती. त्या लिफ्टमधून रोज कापडाचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांबरोबर चार-चार बाया जात होत्या, आणि दोर अजून कसे शाबूत होते ते दोरांनाच ठाऊक. तिने सगळं नीट केलं. शेजारच्या मशीनवरच्या शिंपीणबाईने काम न थांबवता विचारलं, "झाली का सुरू?" धाकटी म्हणाली, "झाली." बाईच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्या न काढताच ती म्हणाली, "आभारी आहे."

बाहेर रस्त्यावर येऊन धाकटी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं. आपल्या हातून जे व्हायचं होतं ते झालं नाही. ते कुठेतरी दुसरीकडे, कागदावरच्या एका लंगड्या बाईच्या अंगावर होऊन गेलं. शिंपीणबाई आत शिवते आहे, आजोबांची पट्टी एक दिवस निघेल. एवढं मोठं देणं कुणी कुणाला देतं का? आणि कोण देतंय?

त्या रविवारी, कुणी बघत नाही असं पाहून, तिने निळा फासा मुठीत धरला आणि पुटपुटली, "आभारी आहे." मग तिची तिलाच लाज वाटली. भल्याभल्या मोटरींना शिव्या घालणारी बाई, आणि प्लास्टिकच्या तुकड्यापुढे हात जोडते!

४

तरी यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचं डोकं स्वस्थ बसत नाही. आवाज आहे म्हणजे तो कुठून तरी येतो.

तिने एकेक शक्यता काढून टाकली. खिडकी लावली. शेजाऱ्यांचा टीव्ही बंद असल्याची खात्री केली. मशीन रूममध्ये वर्षानुवर्षं घालवून कान वाजायला लागले असतील म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. कान ठणठणीत निघाले. भिंतीत पाइप आहेत का तेही ठोकून पाहिलं.

"काय गं, घर विकत घेतेस का?" ताईने विचारलं.

शेवटी तिने फोन बिस्किटांच्या डब्याआड ठेवून खेळाचं ध्वनिमुद्रण केलं. त्या दिवशी एक पडला आणि तिला चौथा आवाज ऐकू आला. पोरसवदा, नुकताच फुटलेला, लाजरा. घरी जाऊन तिने कानात इअरफोन घालून ऐकलं.

ताईचे आभार. काकांचे आभार. सरांचे आभार. मग शांतता.

चौथा आवाज नव्हताच. हुश्श करून ती फोन ठेवणार, तेवढ्यात तिला ती शांतता खटकली. तिने पुन्हा ऐकली. दीड-दोन सेकंदांची होती. एरवी या टेबलावर एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा बोलायचा. काका तर श्वाससुद्धा दुसऱ्याच्या वाक्यात घ्यायचे. इथे तिघंही एकदम गप्प. कुणी कुरकुरत नव्हतं, कागद हलत नव्हता. समोरचा माणूस बोलत असताना आपण थांबतो, तसे थांबले होते. आणि त्याचं बोलणं संपल्यासारखे तिघं एकाच क्षणी पुन्हा सुरू झाले.

तिने मागचे दिवस आठवून पाहिले. प्रत्येक वेळी ते थांबत होते. त्यांना ठाऊक नव्हतं, पण थांबत होते.

५

नियमावर पहिला घाव घातला तो सरांनी.

"माझा या मातीच्या नियमावर आक्षेप आहे," ते एका रविवारी म्हणाले. सरांनी आक्षेप म्हटलं की काका डबा जवळ ओढून घेत, कारण वेळ लागणार असायचा. "वीस बाजू. म्हणजे वीस वेळांत एकदा माती. नवशिक्याला आणि निष्णाताला सारखीच. हा कुठला न्याय? आमची कुलूपतोडी वीस वर्षं कुलपं तोडतेय. तिनं दर वीस कुलपांमागे एक बोट घालवायचं?"

"गंमत असते, सर," ताई म्हणाली.

"गंमत बाजूला ठेव. हिलाच विचार." सर धाकटीकडे वळले. "आठवड्यात किती लिफ्ट बघतेस?"

"तीसेक."

"मग नियमाप्रमाणे तुझ्या हातून आठवड्याला दीड लिफ्ट पडायला हवी. पडते?"

सगळे हसले. धाकटीही हसली, पण मनात हिशेब मांडत होती. महिन्यातून एकदा, दोनदा. तिच्या हातून चूक तेवढ्या वेळा होत होती, आणि पडत काहीच नव्हतं.

"मत घेऊ या," सर म्हणाले. "मातीचा नियम काढून टाकायचा. एक पडला तर नुसतं हुकलं, बस्स. हात वर."

सरांचा हात वर गेला. काकांचाही गेला. त्या बाईची उरलेली बोटं त्यांना वाचवायची होती.

धाकटीने हात वर केला.

का केला, हे तिने पुढे स्वतःला खूप वेळा विचारलं. कारण एवढंच होतं की ती थकली होती. चौथ्या आवाजाची वाट पाहणं, मग आठवडाभर तो आवाज माणसांत शोधणं, प्रत्येक नट तीनदा तपासणं. ज्याचं देणं एवढं मोठं, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत होत नाही, असं काहीसं झालं होतं. आणि मनाच्या एका कोपऱ्यातली शहाणी बाई म्हणत होती, अगं, योगायोग गं सगळा.

"तीन विरुद्ध एक," ताई फुरंगटून म्हणाली. "खेळा मग अळणी."

६

दोन रविवार अळणी गेले. एक पडला, हुकलं, पुढे. कुणी आभार मानले नाहीत, कुणी थांबलं नाही. धाकटीला दुपारची गाढ झोप लागायला लागली.

मग बुधवारी पिशवी आवरताना तिला दोनच लाल तारा सापडल्या.

त्या तारांबद्दल सांगायला हवं. लिफ्टचं दार नीट लागलं नाही तर लिफ्ट जागची हलत नाही. दाराला तसा एक पहारेकरी असतो. दुरुस्ती करताना कधी त्या पहारेकऱ्याला झोपवावं लागतं. त्यासाठी ही हातभर लाल तार, दोन्ही टोकांना चिमटे. ती पॅनलमध्ये लावली की लिफ्टला दार उघडं आहे की बंद हे कळतच नाही. दार सताड उघडं ठेवून ती खुशाल निघून जाते. म्हणून काम झालं की तार काढायची. विसरू नये म्हणूनच ती लाल असते. धाकटी तीन तारा घेऊन निघायची आणि तीन घेऊन परत यायची. नऊ वर्षांत हा हिशेब चुकला नव्हता.

दोनच होत्या. तिने पिशवी उलटी केली. गाडी धुंडाळली. कपाळावर हात मारून घेतला, मग कामाची वही उघडली. मागच्या दहा दिवसांत तार लावावी लागली अशा अकरा इमारती. बुधवार रात्रीपासून शनिवारपर्यंत तिने अकराही पालथ्या घातल्या. अकरा पॅनल उघडले, अकरा बंद केले. तार कुठेच नव्हती.

"पडली असेल कुठेतरी," कामावरचे साहेब म्हणाले. "नवी घे की."

शनिवारी संध्याकाळी ती घरी जमिनीवर बसली. कुठेतरी एक लिफ्ट आंधळी होऊन फिरत होती, आणि या वेळी ते स्वतःच्या अंगावर घेणारं कुणी नव्हतं. आपण हात वर केला होता.

७

"मातीचा नियम परत आणायचा," रविवारी तिने बसायच्या आत सांगितलं. "सगळ्यांना नको तर निदान माझ्यापुरता."

"अगं, तुझ्याच मतावर गेला ना तो?" काका म्हणाले.

"चुकलं माझं."

तिच्या आवाजात असं काही होतं की सरांनी आक्षेप घेतला नाही. ताई मात्र खुलली. "आलीस ना ताळ्यावर!" म्हणाली आणि गोष्ट सुरू झाली.

पण फासाच तो. नको तेव्हा चार-चार वेळा पडणारा एक, हवा तेव्हा तोंड दाखवेना. धाकटी उगाचच्या उगाच फासा टाकायची संधी शोधू लागली.

"मी या दाराचं कुलूप तोडते."

"उघडंच आहे ते दार," ताई म्हणाली.

"मग लावते."

चौदा पडला. छान लागलं.

"आता पुन्हा तोडते."

नऊ. मग सतरा. मग वीस पडला, आणि एका रिकाम्या कोठाराचं दार जगात कुणी उघडलं नसेल इतक्या दिमाखात उघडलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीला ओरडावंसं वाटलं. साडेचार वाजून गेले. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं. पाचला ठकी उठायची, ताई तिला बाबागाडीत घालून खाली फिरायला न्यायची आणि खेळ मोडायचा.

"मी या भिंतीवरून उडी मारते," धाकटी म्हणाली.

"लंगड्या पायानं?" सरांनी विचारलं. "कशासाठी?"

"सहज."

फासा बिस्किटांच्या डब्यावर आपटला, गिरकी घेऊन तिच्यासमोर थांबला. एक.

"माती!" ताई म्हणाली. "सांग."

धाकटीने भिंतीबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं. "मी काम करत असते. जवळजवळ झालेलं असतं. तेवढ्यात मला कुणीतरी हाक मारतं. चहा गार होतोय म्हणून. मी तसंच झाकण लावते आणि जाते."

"यात भिंत कुठे आली?" सर पुटपुटले.

"आभारी आहे," ताई म्हणाली.

"आभारी आहे," काका म्हणाले.

"आभारी आहे," सर म्हणाले.

मग ते तिघं थांबले. धाकटीने ते थांबणं पाहिलं. ताईची पेन्सिल कागदापासून बोटभर वर, काकांचा हात डब्याच्या वाटेवर. आणि आवाज आला, टेबलापासून नव्हे, तिच्या पाठीमागून, आतल्या खोलीतून.

"आभारी आहे, मावशी."

तरुण बाईचा आवाज. अनोळखी. मावशी काय, रस्त्यावर कुणीही कुणालाही म्हणतं. पण ही तशी हाक नव्हती. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली, रागात, लाडात, फोनवर, दाराबाहेरून हजारदा मारलेली हाक होती. तिला कुणी अशी हाक मारलेली नव्हती.

ती वळली. अर्ध्या लोटलेल्या दारातून पाळण्याची कडा दिसत होती, आणि त्या कडेवर एक हात. मोठ्या माणसाचा, बाईचा. मनगट ताईसारखं. हाताच्या वर खांदा, खांद्यावर ओले केस. बाकीची दारामागे होती. हात पाळण्याला अलगद झोका देत होता. मग ऊन हललं किंवा पडदा हलला, आणि तिथे नुसती पाळण्याची कडा राहिली. झोका मात्र अजून थांबला नव्हता.

धाकटी आत गेली. खोलीत कुणी नव्हतं. ठकी जागी होती. रडत नव्हती. उताणी पडून वर बघत होती, तिच्यावर वाकलेल्या माणसाचा चेहरा जिथे असता तिथे.

"उठली का गं?" ताई मागून आली. ठकीला उचलून गाडीत घातलंसुद्धा. "चला, आमची स्वारी निघाली."

धाकटी पाळण्यापाशी उभी होती आणि तिच्या डोक्यात स्वतःचीच वाक्यं फिरत होती. मला कुणीतरी हाक मारतं. चहा गार होतोय. कोण म्हणालं होतं असं? कामावर तिला चहाला कोण बोलावणार? अकराही इमारतींत चहा कुणी विचारला नव्हता.

मागच्या रविवारी विचारला होता. इथे. खेळाच्या मधे पाचव्या मजल्यावर लिफ्ट अडकली, शेजारी बोलवायला आले, आणि ती पिशवी घेऊन दहा मिनिटं गच्चीत गेली होती. ते वहीत नव्हतं. ते काम नव्हतं, घरचं होतं. आणि जिन्यातून ताईने हाक मारली होती.

बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला.

८

ताई गाडी नेहमी आधी आत लोटायची आणि मग स्वतः शिरायची. डाव्या हाताने तिने लिफ्टचं दार ओढलं होतं, उजवा हात गाडीच्या दांड्यावर, आणि तोंड मागे, कारण सर दारातून ठकीची टोपी पुढे करत होते. दार मुकाट उघडलं होतं. पुढची चाकं उंबऱ्याला लागली होती.

धाकटीने दांडा दोन्ही हातांनी धरून मागे खेचला. गाडी, ताई आणि ती स्वतः, तिघी भिंतीवर आदळल्या.

"वेड लागलं का!" ताई ओरडली. आणि मग तिने पाहिलं.

दारामागे लिफ्टचा डबा नव्हता. चार काळे दोर होते, ग्रीसचा वास होता आणि खालून येणारी गार हवा. डबा तळमजल्यावर उभा होता. सरांच्या हातातली टोपी गळून उंबऱ्याशी पडली, घरंगळली आणि आत गेली. ती खाली पोचल्याचा आवाज आला नाही. टोपीचा येतही नाही.

काकांनी दार लावून त्याला पाठ टेकली आणि तिथेच उभे राहिले. धाकटी जिन्याने वर गेली, वीज बंद केली, पॅनल उघडलं. लाल तार तिथे होती. आठ दिवस होती. आठ दिवस सगळी इमारत त्या दारातून ये-जा करत होती, आणि दार प्रत्येक वेळी नीट लागलं होतं, आत्ताच्या एका वेळेपर्यंत. तिने तार काढली आणि मुठीत घेऊन खाली आली.

ताई पायरीवर बसली होती. ठकी मांडीवर, सर शेजारी नुसतेच उभे. ताईने मुठीकडे पाहिलं.

"काय आहे ते?"

खोटं बोलता आलं असतं. लिफ्ट जुनी आहे म्हणता आलं असतं, आणि सगळ्यांनी ऐकलं असतं.

"माझी तार आहे, ताई. त्या दिवशी मी लावली आणि काढायची विसरले. चूक माझी आहे."

ताई उठली. ठकीला तिने सरांच्या हातात दिलं. मग धाकटीच्या समोर आली आणि लहानपणापासून मारली नव्हती अशी एक तिच्या कानाखाली ठेवून दिली. आवाज पाचही मजले घुमला. ठकी दचकली, तिने ओठ काढले आणि गळा काढून रडायला लागली. ताईने धाकटीला ओढून छातीशी धरलं आणि तीही रडायला लागली.

धाकटीचा गाल पेटला होता. त्या आगीबद्दल तिला कृतज्ञ वाटत होतं. मारायला ताई होती. रडायला ठकी होती. तिने डोळे मिटले आणि ते रडणं ऐकत राहिली. चिरका, बोबडाही न झालेला, नुसता आकांत. पण आता ओळखायला काही अवघड नव्हतं. तळाशी, अगदी तळाशी, तोच मघाचा मावशी म्हणणारा आवाज होता.

"आभारी आहे," ती ताईच्या खांद्यात म्हणाली.

सरांच्या हातातली ठकी रडता रडता थांबली. ताईही थांबली. लिफ्टच्या दारापाशी काकाही थांबले. टेबलापाशी थांबायचे तसेच, दीड-दोन सेकंद कुणी हललं नाही.

मग ठकी पुन्हा रडायला लागली, आणि धाकटीने तिला आपल्या हातात घेतलं.